डिझेलच्या पंपाचं आयुष्य

गाडीचा पंप किती चालतो, हा प्रश्न आमच्या बारामती-इंदापूर भागात विचारला तर तीन उत्तरं मिळतात. मालक म्हणतो, "तीन लाख किलोमीटर बघायला नको." ड्रायव्हर म्हणतो, "डिझेल कुठं भरताय त्यावर आहे." आणि पंप-नोझलवाला म्हणतो, "आधी खोलून तर बघू." तिन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी आहेत. गेले काही महिने मी या विषयाच्या मागे लागलो आहे, कारण आमच्या आतेभावाच्या पिकअपचा पंप ऐन डाळिंबाच्या हंगामात गेला आणि त्याचं वर्षाचं गणित कोलमडलं. त्याबद्दल पुढे येईलच. पण वाचता वाचता एवढं काही हाताला लागलं, की एक लेख लिहूनच टाकावा म्हटलं.

(खुलासा, खास आमच्या पुण्याच्या मावशीसाठी: पंप म्हणजे पेट्रोल पंप नव्हे. इंजिनाच्या कुशीत बसवलेला, डिझेल मोजून दाबाने सिलिंडरमध्ये सोडणारा पंप. गावाकडे याला नुसतं 'पंप' म्हणतात आणि पाण्याच्या पंपाला 'मोटार'. त्यामुळे गोंधळ फक्त शहरातल्यांचा होतो.)

आधी हा पंप करतो काय ते सांगतो, म्हणजे तो मरतो कसा ते कळेल. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडायला प्लग असतो, डिझेलला तो नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती भट्टीसारखी तापते, आणि नेमक्या क्षणी तिच्यात डिझेलची फवारणी करायची. ते आपोआप पेटतं. आता प्रत्येक फवाऱ्याला किती डिझेल लागतं? साधारण पिकअपच्या इंजिनात ओझं असताना पाण्याच्या एका थेंबाएवढं, कधी त्याहून कमी. तो थेंब मोजायचा, शंभर-दोनशे पट हवेच्या दाबानं नोझलच्या बारीक भोकातून उडवायचा, वेळ चुकवायची नाही, आणि चारही सिलिंडरला अगदी सारखा वाटायचा. सगळं काम एका दट्ट्याचं, म्हणजे प्लंजरचं, आणि तो ज्यात सरकतो त्या बॅरलचं. आमच्याकडे या जोडीला 'एलिमेंट' म्हणतात. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. ही जोडी एकमेकांवर घासूनच बनवतात, त्यामुळे एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चालत नाही. एक बिघडला की दोघेही भंगारात.

मी एकदा बसून हिशेब केला. गाडी सरासरी ताशी ४० किलोमीटरनं २ लाख किलोमीटर चालली म्हणजे ५,००० तास. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर पंप त्याच्या निम्म्यानं फिरतो, म्हणजे प्रत्येक प्लंजर मिनिटाला १,००० वेळा वरखाली होतो. तासाला ६० हजार. पाच हजार तासांना ३० कोटी. आपलं हृदय एवढे ठोके द्यायला जवळजवळ आठ वर्षं घेतं. आणि इतकं घासूनही त्या फटीत वंगण म्हणून काय असतं? दुसरं काही नाही, तेच डिझेल. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण याच एका गोष्टीवर उभं आहे.

रुडॉल्फ डिझेलच्या पहिल्या इंजिनात हा पंप असा नव्हताच. १८९७ साली ऑग्सबुर्गला त्याचं इंजिन चाललं, तेव्हा इंधन आत ढकलायला दाबलेली हवा वापरत, आणि त्या हवेसाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. तो इतका अवजड की ते इंजिन कारखान्यात आणि जहाजावर शोभावं, गाडीवर नव्हे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. (आमच्या आजीनं ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. शेंगतेल आणि इंजिनात!) डिझेल स्वतः १९१३ साली इंग्लिश खाडी ओलांडताना बोटीवरून नाहीसा झाला आणि त्याचं इंजिन रस्त्यावर आलेलं त्यानं कधी पाहिलं नाही. ते रस्त्यावर आणलं ते श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशनं. १९२२ च्या अखेरीस त्यानं या पंपाच्या कामाला माणसं लावली आणि १९२७ साली पंप कारखान्यातून रांगेनं बाहेर पडू लागले. प्लंजरच्या अंगावर एक तिरकी खाच असते. प्लंजर थोडा फिरवला की ती खाच बाजूच्या भोकासमोर लवकर किंवा उशिरा येते, आणि तेवढ्यावरून डिझेल कमी-जास्त होतं. वरखाली होण्याचं अंतर तेच, फक्त वळायचं. इतकी साधी युक्ती मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे. त्या एका खाचेवर शंभर वर्षांची मालवाहतूक उभी राहिली असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्याकडे हे आलं ते आधी शेतात, मग रस्त्यावर. १९३० च्या दशकात सातारा रोडला कूपरच्या कारखान्यात डिझेल इंजिनं बनू लागली. १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झालं. आणि १९५१ साली बंगळूरला मायको, म्हणजे मोटार इंडस्ट्रीज कंपनी, निघाली. बॉशचे पंप, नोझल आणि प्लग इथं बनवण्यासाठी. पुढे १९७० च्या सुमाराला नाशिकला सातपूरच्या बाजूला त्यांचा दुसरा कारखाना आला, तिथं नोझल बनू लागली. २००८ साली कंपनीचं नाव बदलून बॉश लिमिटेड झालं, पण नाशिकमध्ये मायको सर्कल आहे तिथंच आहे, आणि जुना फिटर आजही 'मायकोचा पंप' असंच म्हणतो. बॉश कोण हे त्याला ठाऊक नसतं असं नाही, पण मायको घरची.

आमचा भाग तसा कालव्याचा. १८८५ साली नीरा डावा कालवा आला आणि त्याच्या काठाकाठानं ऊस आला. वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर ही सगळी त्या पाण्याची कृपा. पण कालवा सगळ्यांच्या रानातून जात नाही. बारामतीचा सुपे-मोरगावकडचा पट्टा आणि इंदापूरचीही बरीच गावं जिरायत. तिथं विहीर आणि विहिरीवर इंजिन. किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं एव्ही-वन, किंवा लिस्टरच्या धाटणीचं, जड चाकाचं, सावकाश धडधडणारं. माझ्या लहानपणी सकाळी जाग यायची ती त्या आवाजानं. आवाजावरून कुणाचं इंजिन हे ओळखता यायचं, आणि एक ठोका चुकला की आजोबा अंथरुणातूनच म्हणायचे, "खालच्या आळीच्या पंपात हवा शिरली." डिझेल संपेपर्यंत इंजिन चाललं की नळीत हवा शिरते. हवा दाबली जाते, डिझेल जात नाही, म्हणून फवारा उडतच नाही. मग स्क्रू ढिला करून, हातानं फीडपंप मारून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू द्यायचं. याला 'एअर काढणं' म्हणतात. आमच्या पिढीतल्या प्रत्येक पोराला हे येत होतं. पोहायला आणि एअर काढायला कधी शिकलो हे कुणालाच आठवत नाही. वीज आल्यावर ही इंजिनं अडगळीत गेली, पण २००५ नंतर महाराष्ट्रात भारनियमन सुरू झालं तेव्हा कित्येकांनी ती पुन्हा बाहेर काढली, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेले पंप गंजून अडकलेले निघाले. चालल्यानं पंप झिजतो हे खरं, पण नुसता ठेवल्यानंही मरतो. उरलेल्या डिझेलचा डिंक होतो आणि त्यातलं पाणी पोलाद खातं.

रस्त्यावर आधी ट्रक आले, पिकअपचा जमाना नंतरचा. भाजी, दूध, कोंबड्यांचं खाद्य यांच्यासाठी आमच्याकडे बजाज टेंपोची मॅटाडोर होती, मग १९८६ ची टाटा ४०७. बारामती एमआयडीसीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस पियाजिओचा कारखाना आला आणि ग्रीव्हजच्या एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची तीनचाकी घरोघर झाली. तिचं नाव लोक 'आपे' असं घेतात. शिकलेली मंडळी हसायची, 'एप म्हणा' म्हणायची. पण गंमत बघा, इटालियनमध्ये तो शब्द 'आपे' असाच आहे, अर्थ मधमाशी. म्हणजे भिगवणच्या नाक्यावरचा ड्रायव्हर बरोबर होता आणि इंग्रजी माध्यमवाले चूक :) २००५ साली टाटाचा छोटा हत्ती आला, दोन सिलिंडर, सातशे सीसी. आणि बोलेरो पिकअपनं तर आमच्या भागात बैलगाडीची जागा घेतली म्हणा ना. उजनीच्या फुगवट्यातली चिलापी, इंदापूरचे पेरू, डाळिंबं, कलिंगडं, सगळं रात्री पिकअपमध्ये चढतं आणि पहाटे गुलटेकडीला किंवा वाशीला उतरतं. इथं एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ट्रकचा मालक बहुधा ट्रान्सपोर्टवाला असतो, त्याच्याकडे दहा गाड्या असतात. पिकअपचा मालक म्हणजे दोन-चार एकरवाला शेतकऱ्याचा पोरगा. गाडी एकच, तीही हप्त्यावर, आणि ड्रायव्हर तोच. त्याचा पंप गेला की धंदाही त्याच दिवशी बंद.

म्हणूनच पंप-नोझलवाल्याला आमच्याकडे मान होता. होता म्हणतो, त्याचं कारण पुढे येईल. इंजिनाचा मिस्त्री वेगळा आणि हा वेगळा. मिस्त्री ग्रीसमध्ये बरबटलेला, याचं दुकान डॉक्टरच्या दवाखान्यासारखं. दार लावलेलं, फरशी पुसलेली, चिंधी वापरायला बंदी (चिंधीचा तंतू पंपात गेला तर संपलंच), आणि मधोमध टेस्ट बेंच. इंजिनावरून उतरवलेला पंप त्या बेंचवर चढवतात, विजेच्या मोटारीनं फिरवतात, आणि प्रत्येक तोंडातून निघणारं डिझेल समोर रांगेनं लावलेल्या काचेच्या नळ्यांमध्ये पडतं. ठरावीक फेऱ्यांनंतर नळ्यांमधली पातळी बघायची. चारही सारख्या हव्यात. एक खाली असेल तर तो एलिमेंट पुढे-मागे फिरवायचा, परत मोजायचं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. मी लहानपणी मामांबरोबर अशा दुकानात बसलो आहे तासन् तास. त्या चार नळ्यांमध्ये पिवळसर डिझेल चढताना बघायला सिनेमाइतकी मजा यायची. नोझल तपासायचं यंत्र वेगळं, हातानं दांडा दाबायचा. चांगलं नोझल 'कुर्रर्र' असा आवाज करतं आणि धुक्यासारखा फवारा सोडतं. गेलेलं नोझल नुसतं ठिबकतं.

पंप खराब होण्याची लक्षणं या लोकांना तोंडपाठ. सकाळी गाडी लगेच सुरू होते, पण गरम झाल्यावर बंद केली तर पुन्हा सुरू होत नाही, म्हणजे एलिमेंट झिजला. कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून मागे सटकतं. पाटसच्या ढाब्यावर पंपावर ओलं फडकं टाकून, तांब्याभर पाणी ओतून गाडी सुरू करणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. अडाणीपणा नव्हे तो, शुद्ध विज्ञान आहे. पंप थंड, डिझेल घट्ट, दाब पुन्हा तयार. गव्हर्नरचा रॅक अडकला तर मात्र हसण्यावारी न्यायचं काम नाही. इंजिन स्वतःच्या मनानं पळत सुटतं, चावी बंद करूनही थांबत नाही. विहिरीवरच्या इंजिनाच्या हवेच्या तोंडात पोतं कोंबून ते बंद केल्याच्या कथा आमच्याकडे घरोघर आहेत.

आणि सील. जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं याचा एक स्क्रू पंपावर असतो, त्याला कंपनी शिशाचं सील लावते. ते तोडून 'पंप वाढवून' घेण्याची पद्धत सर्रास. गाडी दीडपट माल ओढते, घाटात मागे पडत नाही. काळा धूर निघतो, पिस्टन तापतो, डिझेल जास्त खाते, पण हप्ता फिटतो. मी याला नावं ठेवणार नाही. एक टनाच्या गाडीत दीड टन भरल्याशिवाय भाडं परवडत नाही ही त्या पोराची अडचण आहे, त्या स्क्रूची नव्हे.

आता रॉकेल. इथं माझा सूर जरा बदलेल, माफ करा.

२००० च्या दशकात रेशनवरचं रॉकेल नऊ-दहा रुपये लिटर होतं आणि डिझेल त्याच्या तिप्पट, पुढे चौपट. एवढी फट दिसली की तिच्यात माणसं शिरणारच. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देत, तो काढण्याच्याही युक्त्या निघाल्या. रॉकेल डिझेलमध्ये बेमालूम मिसळतं, गाडी चालतेही. पण रॉकेल पातळ. ज्या दोन मायक्रॉनच्या फटीत डिझेलचा पडदा धरून ठेवायचा, तिथं रॉकेलचा पडदा फाटतो आणि पोलाद पोलादाला लागतं. पंप एका दिवसात मरत नाही, दोन वर्षांचं आयुष्य सहा महिन्यांत संपवतो. त्यामुळे चोर कधी सापडत नाही. बेंचवर पंप खोलल्यावर प्लंजरच्या चकचकीत अंगावर उभे ओरखडे दिसायचे आणि दुकानदार एवढंच म्हणायचा, "पंप बदला." कुठला पंप, ते ग्राहकानं समजून घ्यायचं.

२५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला, जिथं तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी भेसळीचा एक अड्डा पाहिला आणि ते थांबले. त्यांना भरदिवसा रॉकेल ओतून जाळून मारलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. २७ तारखेला राज्यभरातले सरकारी कर्मचारी संपावर गेले, राज्यभर छापे पडले, वर्तमानपत्रं रकानेच्या रकाने भरली. त्याआधी २००५ साली उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीला इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ यांना भेसळवाला पंप बंद केल्याबद्दल गोळ्या घातल्या होत्या. भेसळ म्हणजे ग्राहकाची किरकोळ फसवणूक असं आपण समजतो. तिच्या एका टोकाला इंदापूरच्या पोराचा झिजलेला प्लंजर आहे आणि दुसऱ्या टोकाला सोनवण्यांचा जळालेला देह. मधली सगळी साखळी आपल्या ओळखीची असते, हे त्यातलं सगळ्यात वाईट. मला आठवतं, त्या आठवड्यात आमच्याकडे चहाच्या टपरीवरही कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

मग भेसळ कमी झाली ती छाप्यांनी किती आणि हिशेबानं किती, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. रेशनवरचं रॉकेल वर्षागणिक आटत गेलं, गॅस पोचला, वीज पोचली. फायदाच उरला नाही म्हटल्यावर धंदा आपोआप बसला.

पण पंपाचं दैव बघा. रॉकेल गेलं आणि त्याच सुमाराला डिझेलमधून गंधक जायला लागलं. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्या डिझेलमध्ये एक टक्का, म्हणजे दहा लाख भागांत १०,००० भाग गंधक असायचं. भारत स्टेज-३ ला ते ३५० वर आलं, स्टेज-४ ला ५० वर (पुण्यासारख्या मोठ्या शहरांत २०१० साली, देशभर एप्रिल २०१७ पासून), आणि एप्रिल २०२० पासून स्टेज-६ चं १०. आपल्या फुफ्फुसांसाठी हे उत्तम झालं, त्यात शंका नाही. मात्र रिफायनरीत गंधक काढताना डिझेलमधले असे काही घटकही निघून जातात जे धातूच्या पृष्ठभागाला चिकटून वंगणाचं काम करतात. स्वीडननं १९९१ साली अगदी कमी गंधकाचं डिझेल आणलं तेव्हा तिथं पंप पटापट गेले, आणि जगाला हा धडा मिळाला. त्यानंतर वंगणपणाची चाचणी आली. एक पोलादी गोळी डिझेलमध्ये बुडवून पत्र्यावर थरथरत घासायची आणि गोळीवर पडलेला घट्टा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा नको. आपल्या डिझेलच्या भारतीय मानकातही हीच मर्यादा आहे, आणि ती पाळण्यासाठी रिफायनरी वरून वंगण मिसळते. तेव्हा 'नवीन डिझेल कोरडं आहे म्हणून पंप जातात' ही जी आमच्याकडची आवडती तक्रार आहे, ती अर्धीच खरी. डिझेल मानकाप्रमाणे असेल तर कोरडं नाही. डेपोतून निघाल्यावर त्यात काय पडलं, हा वेगळा प्रश्न.

आणि पंपही आता तो राहिला नाही. जुन्या रांगेच्या पंपात कॅम आणि गव्हर्नर तेलात बुडालेले असायचे, डिझेलवर फक्त एलिमेंट अवलंबून. मग फिरता पंप आला, ज्याची कल्पना अमेरिकेत व्हर्नन रूसा नावाच्या माणसाची, १९५२ पासून तो बाजारात. लहान, हलका, स्वस्त, पण त्याचं सगळं अंग डिझेलवरच वंगण घेतं. आणि शेवटी कॉमन रेल. १९९७ साली बॉशनं तो मोटारीत आणला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो आमच्या पिकअपपर्यंत पोचला. आधीचा पंप मोजायचं आणि दाबायचं दोन्ही काम करी. आताचा फक्त दाबतो, पण कितीनं? पहिल्याच पिढीत १,३५० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साडेतेराशे पट. मोजणं कॉम्प्युटरनं हुकूम दिल्यावर इंजेक्टर करतो. गाडी शांत चालते, धूर नाही, ओढ भरपूर, डिझेल कमी. सगळं मान्य. फक्त घाण, पाणी आणि हवा यांना माफी नाही. जुना पंप डिझेल संपलं तर रुसायचा. हा कोरडा फिरला तर स्वतःलाच खरवडतो, आणि निघालेला चुरा पुढे रेलमध्ये आणि चारही इंजेक्टरमध्ये पाठवतो. मग पंप बदलून भागत नाही, टाकीपासून नोझलपर्यंत सगळंच.

हे फक्त आपल्याकडे होतं असं मानायचं कारण नाही. अमेरिकेत १९९८ ते २००२ च्या डॉज पिकअपमध्ये बॉशचाच व्हीपी-४४ हा पंप होता. टाकीतून त्याच्यापर्यंत डिझेल आणून देणारा शंभर ग्रॅम अकलेचा छोटा पंप दुबळा निघाला, आणि उपाशी राहून मोठे पंप मेले. पुढे २०११ नंतरच्या फोर्ड आणि जीएमच्या पिकअपमध्ये सीपी-४ पंपांनी असाच चुरा केला आणि मालक कोर्टात गेले. तिथला रँचवाला आणि आपला पिंपळ्याचा बागायतदार, दोघांचं रडगाणं शब्दशः एक.

फरक कोर्टाचा. आतेभावाची गाडी टोल नाक्याजवळ बंद पडली, मागे डाळिंबाचे क्रेट. दुसरी गाडी करून माल पोचवला, पण पहाटेचा बाजार हुकला आणि भाव निम्मा आला. गाडी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला ओढत नेली. वॉरंटीत होती. त्यांनी फिल्टर खोलला, तळाशी पाणी दाखवलं, आणि 'इंधनात पाणी असेल तर वॉरंटी लागू नाही' हे कलम दाखवलं. पाणी आलं कुठून? जिथं डिझेल भरलं तिथलं बिल होतं, पण त्यांनी हात झटकले. पंप आणि इंजेक्टर मिळून जो आकडा सांगितला तो ऐकून दादा तिथंच फरशीवर बसला. गाडीचे आठ हप्ते एकदम. कलम लिहिलेलं आहे, पाणी होतं, सगळं नियमानं झालं. पण पाणी ओळखायला डॅशबोर्डवर दिवा असतो, तो लागलाच नव्हता, आणि याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. माझ्या मते ही लबाडी आहे, कागदोपत्री बसणारी असली तरी. वहिनींनी गळ्यातलं मोडायची तयारी केली होती. शेवटी पतसंस्थेनं दिलं.

त्या निमित्तानं मी बारामतीच्या एका जुन्या पंप-नोझलवाल्यांकडे गेलो. काका आता सत्तरीचे. कॉमन रेलचा बेंच घ्यायचा तर त्यांच्या दुकानाची किंमतही पुरणार नाही, म्हणून तसे पंप ते पुण्याला पाठवतात आणि मध्ये थोडं कमिशन सुटतं. मुलगा बँकेत. मी विचारलं, पंप टिकवायला करायचं काय? त्यांनी बोटं मोडली. टाकी पाव भागाखाली येऊ द्यायची नाही. रात्री अर्धी रिकामी ठेवायची नाही, पत्र्याला दव सुटतं. फिल्टरच्या तळाचं पाणी आठवड्याला सोडायचं, दिवा लागायची वाट बघायची नाही. फिल्टर ओळखीच्या दुकानातून आणि पावतीवर. कॅननं डिझेल ओतायचं नाही, ओतलंच तर तळाचं चार बोटं सोडून द्यायचं. आणि टँकर खाली होत असताना त्या पंपावर गाडी लावायची नाही, कारण तळाचा गाळ त्या वेळी ढवळून वर येतो. हे त्यांनी सांगितलेलं मी कागदावर लिहून दादाला दिलं, त्यानं सनशेडच्या मागे अडकवलंय.

काकांचा बेंच मात्र बंद पडलेला नाही. २०२३ पासून पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरना नवे नियम लागले, पण उसाच्या गाड्या ओढणारे ट्रॅक्टर बहुतेक त्याच्या खालचे, जुन्या धाटणीच्या पंपाचे. ऑक्टोबर उजाडला की कारखाने सुरू व्हायच्या आधी आठ-दहा पंप फडताळावर नावाच्या चिठ्ठ्या लावून पडलेले असतात, आणि चार नळ्यांमध्ये डिझेल चढत असतं. मी गेलो तेव्हा तिसरी नळी जरा खाली होती. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, एलिमेंट केसभर फिरवला, आणि मला म्हणाले, "मोटार चालू कर."